मोजमाप आधी की कुदळ आधी?
आयर्लंडमधल्या डब्लिनच्या नव्या बालरुग्णालयाचा खर्च महागाईने फुगला असं म्हणतात. अर्धंच खरं. 2017 मध्ये 98.3 कोटी युरो मंजूर झाले, 2018 अखेर आकडा 143.3 कोटी. दीड वर्षात एवढी महागाई कुठली? निविदा दोन टप्प्यांत होती. पहिल्यात अर्धवट नकाशांवरून अंदाजे परिमाणं, म्हणजे किती काम नि किती माल लागेल ते, धरून काम दिलं. बारीक मोजमाप नंतर. ते झालं तेव्हा परिमाणं वाढली, आणि ठेकेदार तर केव्हाच साइटवर! मग घासाघीस कशाच्या जोरावर करणार? त्यात 380 स्वतंत्र खोल्या. एका खोलीतला एक पाइप मोजताना सुटला की 380 पाइप सुटले. 2024 मध्ये सगळं धरून मंजुरी 224 कोटींवर गेली, त्यात महागाई आहेच म्हणा. पण पहिली उडी मोजमापाचीच.