लॉगबुकातले १२० तास: चालवायचे की नुसते लिहायचे?

घारुअण्णा_सिडनी
लेकीला सतरावं सरलं, लॉगबुकात (गाडी शिकताना सरावाचे तास लिहायची वही) तास ७१. न्यू साउथ वेल्समध्ये पंचविशीच्या आतल्या पोरांना पी-वनच्या (पहिल्या तात्पुरत्या लायसन्सच्या) ड्रायव्हिंग टेस्टआधी १२० तास लागतात, त्यातले २० रात्रीचे. काल तिच्या मैत्रिणीचे बाबा हसत सांगत होते, "दोन वेगळी पेनं घेतली आणि एका रविवारी चाळीस तास भरून टाकले." ऐकून चीड आली. थोडा मोहही झाला, खोटं का बोला! पण शेवटच्या पानावर 'सगळं खरं आहे' म्हणून सही करावी लागते. मी नाही करणार. तुमचं काय मत?

बाप्या
सहीचं ठीक, पण हा आकडा काय वेदांत लिहिलाय? जुलै २००७ च्या आधी इथेच ५० होते. पर्थला आजही ५०, अ‍ॅडलेडला ७५, ब्रिस्बेनला १००. आणि मी भारतातलं लायसन्स घेऊन तिशीत आलो, थिअरी आणि ड्रायव्हिंग टेस्ट दिली, मोकळा. गावाकडे एजंटच्या कृपेने इंग्रजी आठचा आकडासुद्धा अर्धाच काढला होता. मला शून्य तास, पोराला १२०!

शेवंती
शेजारी बसणाऱ्याकडे इथलं फुल लायसन्स हवं. घरात ते फक्त माझ्याकडे, आणि माझी नाइट शिफ्ट. इन्स्ट्रक्टरचा एक तास तीन धरतात, पण दहाच तास, म्हणजे ३०. उरलेले ९० कुठून आणू? मी खोटं लिहिलेलं नाही, पण लिहिणाऱ्या बाईला नावं ठेवणार नाही.

तात्या_एमफोर
शेवंतीताई, तुमची अडचण खरी. बाप्याचं मात्र पटत नाही. माझा मुलगा ९५ तासांनंतर एम-फोर मोटरवेवर पावसात शिरताना गडबडला. पुढच्या ट्रकचं पाणी काचेवर आलं, त्याने मर्ज होता होता ब्रेक दाबला. मी ओरडलो, "गॅस दे!" पन्नासवर टेस्ट दिली असती तर तो त्या दिवशी गाडीत एकटा असता. रात्रीच्या तासांचं रडगाणं तर नकोच. जूनमध्ये पाचच्या आत सूर्य मावळतो, क्लासवरून येताना किल्ली पोराकडे द्या.

बाप्या
आणि त्या ९५ मधले किती घर ते वूलवर्थ्स सुपरमार्केट? तास मोजतात, रस्ता कोण मोजतो?

तात्या_एमफोर
बरं, हे मान्य. निम्मे तरी तसलेच होते.

घारुअण्णा_सिडनी
सेफर ड्रायव्हर्स कोर्सचे २० तास मिळतात, लेकीचं नाव घातलं. ७१ चे ९१ होतील. शेवंतीताई, ब्लॅकटाउनच्या आसपास असाल तर रविवारी सकाळी तुमच्या मुलाशेजारी मी बसतो. गाडी तुमची, लायसन्स माझं.

शेवंती
गाडी गिअरची आहे. चालेल?

घारुअण्णा_सिडनी
पळेल!