हवाई हद्द: घुसखोरी, उल्लंघन की नुसता प्रवेश?

परळकर: आमच्या डेस्कवर रोजची वादावादी. परदेशी लष्करी विमान न विचारता आलं की मथळ्यात 'घुसखोरी' ठोकून मोकळे. तैवानजवळ चिनी विमानं आली तरी घुसखोरी, एस्टोनियात रशियाची आली तरी घुसखोरी. चालतं का हे?

गिरगावकर: नाही चालत. हवाई हद्द म्हणजे देशाची जमीन आणि किनाऱ्यालगतचं १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, पाणी यांच्यावरचं आकाश. तैवानच्या बातम्यांत बहुतेकदा असतं ते 'हवाई संरक्षण ओळख क्षेत्र'. हा पट्टा देश स्वतःच आखतो आणि तो हद्दीबाहेरही पसरतो. तिथे येणाऱ्याला 'कोण तू?' विचारता येतं, लढाऊ विमानं पाठवून नजर ठेवता येते, पण मालकी सांगता येत नाही. तिथे 'प्रवेश' पुरे. एस्टोनियाचं प्रकरण वेगळं. सप्टेंबर २०२५ मध्ये रशियाची तीन मिग-३१ सुमारे १२ मिनिटं खुद्द हद्दीत होती, असं एस्टोनिया म्हणतो. रशिया नाकारतो.

माहीमची मावशी: 'अतिक्रमण' तेवढं नका लिहू. डोळ्यांपुढे पालिकेची गाडी आणि पाटी उचलून पळणारे फेरीवाले येतात. 'उल्लंघन' मात्र फारच सोवळं. सीमोल्लंघनाला आपण सोनं वाटतो!

गिरगावकर: मावशी, सोवळं आहे म्हणूनच बरं. 'घुसखोरी'त हेतू आधीच ठरवलेला असतो, आणि घुसखोर म्हटलं की 'पाडा' हे ओघानंच येतं. २४ नोव्हेंबर २०१५ ला तुर्कस्ताननं रशियाचं सुखोई-२४ पाडलं. ते हद्दीत किती वेळ होतं? तुर्कस्तानच्याच हिशेबानं १७ सेकंद. पुढे रशियानं व्यापारावर निर्बंध लादले, पर्यटक थांबवले.

परळकर: मग बघत बसायचं?

गिरगावकर: छे. १९४४ च्या शिकागो करारानुसार लष्करी विमानाला परवानगीशिवाय दुसऱ्या देशावरून उडताच येत नाही. पण आधी रेडिओवर इशारा, मग शेजारी विमान नेऊन पंख हलवून 'मागे ये' अशी खूण, नंतर राजदूताला बोलावून निषेध. एस्टोनियातही नाटो या लष्करी आघाडीतर्फे इटलीची एफ-३५ विमानं पाठवली गेली आणि त्याच आघाडीत सल्लामसलत मागितली गेली. गोळी कुणी झाडली नाही. प्रवासी विमान पाडण्याबाबत नियम आणखी कडक आहे. १९८३ मध्ये सोव्हिएत संघानं कोरियन विमान पाडलं, २६९ माणसं गेली, आणि पुढच्याच वर्षी त्या करारात दुरुस्ती मंजूर झाली.

जोगेश्वरीकर: एकदा चुकून, मान्य. तीच विमानं पुन्हा पुन्हा येत असतील तर घुसखोरीच म्हणावं! आपल्याकडे १९९१ चा भारत-पाक करार आहे, लढाऊ विमानं सीमेपासून १० किलोमीटरच्या आत आणायची नाहीत. तो काय चुकणाऱ्यांसाठी केला?

गिरगावकर: वारंवार असेल तर माझी हरकत नाही. फक्त पहिल्याच दिवशी नको, आणि कुणाचा दावा आहे ते मथळ्यातच लिहा.

परळकर: ठीक. आता 'इंटरसेप्ट'ला, म्हणजे असं आपलं विमान त्याच्या शेजारी नेण्याला, काय लिहू? 'अडवलं' म्हणावं तर विमान थांबत नाही.

माहीमची मावशी: 'गाठलं' लिही. आणि परत गेलं तर 'पिटाळलं'.