चौथा बेस गिटार कुठला घेऊ? (घरात तीन आहेत, हे मान्य)

काळीपाच

मंडळी, सल्ला पाहिजे आणि शक्यतो दिवाळीच्या आत पाहिजे, कारण बोनस आला की तो कुठे जातो हे आमच्या घरात मी सोडून सगळ्यांना माहीत असतं.

मी डोंबिवलीचा. नोकरी सांभाळून बारा-तेरा वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवतोय, महिन्याला दोन-तीन प्रोग्राम होतात. अर्धी जुनी हिंदी गाणी, अर्धी मराठी भावगीतं, आणि शेवटचा अर्धा तास लावण्या, तेव्हाच काय ती पब्लिकची मान वर होते. सध्याची संपत्ती अशी: पहिला 2004 चा, बिननावाचा, पहिल्या पगाराचा. पहिल्या पाच फ्रेट्सवर (नेकवरच्या, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तारांच्या खाचा पडल्यात इतका वाजवलाय, आता कपाटावर पडून असतो पण विकवत नाही. दुसरा स्क्वायरचा पी (प्रिसिजन) बेस, पोटापाण्याचा हाच. तिसरा आयबानेझचा पाच तारांचा, ॲक्टिव्ह, बॅटरीवाला. चार तारांच्या बेसला सगळ्यात खालचा सूर पांढरी तीन, गायक काळी एकमध्ये बसला की खालचा सा मिळतच नाही, म्हणून घेतला होता.

आता डोक्यात तीन भुंगे आहेत. जॅझ बेस घ्यावा, कारण जो भेटतो तो म्हणतो जॅझ घे. फ्रेटलेस (फ्रेट्स नसलेला) घ्यावा, कारण भावगीतात मींड घ्यायची फार हौस आहे. नाहीतर शॉर्ट स्केल (आखूड तारांचा) घ्यावा, कारण संध्याकाळच्या लोकलमध्ये पाठीवर बेस घेऊन चढणं आता खांद्याला झेपत नाही आणि लोक बॅगकडे असं बघतात की जणू मी प्रेत घेऊन चाललोय.

अजून एक तक्रार. स्टेजवर मी मला नीट ऐकू येतो, पण नंतर कुणी मोबाईलवर केलेलं रेकॉर्डिंग ऐकलं की मी गायब. नुसतं घूंऽऽ असं काहीतरी ढोलकीखाली. बजेट 40 हजारांच्या आसपास, सेकंडहँड चालेल.

धुमवाला

मी ढोलकी वाजवतो, बेसमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण तुम्ही गायब होताय ते बहुतेक माझ्या जातभाईमुळे, म्हणून बोलतो. ढोलकीची धुम, ऑक्टोपॅडचा किक, कीबोर्डवाल्याचा डावा हात आणि तुम्ही, हे चौघं एकाच खाटेवर झोपलेत. त्यात साऊंडवाला "बेस कमी पडतोय" म्हटलं की लो (खालचे जाड सूर) वाढवतो, म्हणजे खाटेवर अजून एक पाहुणा. नवीन वाद्य घ्यायच्या आधी कीबोर्डवाल्याला एक अख्खा प्रोग्राम डावा हात मांडीवर ठेवायला लावा. आमच्याकडच्याला हे सांगितलं तर आठवडाभर फुगून बसला होता, पण रेकॉर्डिंग ऐकवल्यावर गप्प झाला.

तारकाटा

धुमवाले, शंभर टक्के. त्यात थोडी भर घालतो. उघड्या ई तारेचा मूळ सूर 41 हर्ट्झच्या आसपास, मोबाईल सोडा, हॉलमधले निम्मे स्पीकरसुद्धा तो धड काढत नाहीत. कानाला जो सूर कळतो तो वरच्या 82, 123 वगैरे हार्मॉनिक्सवरून (मूळ सुराच्या पटीतले उपसूर), आणि बेस ओळखू येतो तो मिड्समुळे, म्हणजे मधल्या पट्टीतल्या आवाजामुळे. त्यामुळे ॲम्पवर लो थोडा मारा आणि 400 ते 800 हर्ट्झच्या मधे कुठेतरी उचला. घरी एकटं वाजवताना ते अगदी डब्यासारखं ऐकू येईल, शिव्या घालाल मला, पण सगळ्यांबरोबर तेच पुढे येतं. हा झाला फुकटचा सल्ला.

आता खर्चाचा. तुमचा पी बेस आणि आयबानेझ यांच्या मधली जागा रिकामी आहे आणि ती जॅझचीच आहे. पी 1951 चा, त्याचा तो दोन तुकड्यांचा पिकअप (तारांखालचा, आवाज उचलणारा चुंबकवाला भाग) 1957 पासूनचा, एकच पिकअप आणि एकच काम, ते मात्र चोख. जॅझ 1960 मध्ये आला तो दोन पिकअप घेऊन. मागचा, ब्रिजजवळचा पिकअप पुढे आणला की आवाजाला जी नाकातून बोलल्यासारखी धार येते ना, तीच ढोलकीच्या वर येते. प्रसिद्ध बेसवाला जॅको पास्टोरियस, त्याची सगळी करामत त्याच मागच्या पिकअपवर. शिवाय नेकची रुंदी नटजवळ (हेडच्या बाजूची, तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी) 38 मिमी, तुमच्या पीचा 42 च्या आसपास असेल, चार मिमी म्हणजे काही नाही असं वाटतं पण तीन तास वाजवून बघा.

एकच भानगड, दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण असले की गुणगुण एकमेकांत मरते, एक कमी केला की सिंगल कॉइलची (एकाच वेटोळ्याच्या पिकअपची) ऽऽझ्झ सुरू. लग्नाच्या हॉलमध्ये डिमरवर लाईट असतील तर फार. पीला हा त्रास नाही, त्याचे दोन तुकडे मिळून हम मारतात.

मींडवेडा

सगळे जॅझ जॅझ करणार हे माहीत होतं. काळीपाच, तुम्ही स्वतःच लिहिलंय की मींड घ्यायची "फार हौस" आहे. बाकी दोन कारणं तुम्ही लोकांची नाहीतर खांद्याची दिलीत, हे एकच तुमचं आहे.

पण नवा फ्रेटलेस घेऊ नका!! तुमच्या कपाटावर फ्रेटलेस ऑलरेडी पडलाय, त्यातून फ्रेट्स काढायचे राहिलेत फक्त. झिजलेल्या फ्रेट्सचा, भावनिक किमतीचा, बाजारात शून्य किमतीचा बेस, याहून चांगला उमेदवार नाही. मी माझा असाच केला. सोल्डरिंगची गन प्रत्येक फ्रेटवर अर्धा-एक मिनिट धरायची, आतला गोंद सैल होतो, मग सुताराचा जंबूर घ्यायचा, त्याचं तोंड ग्राइंडरवर सपाट करून आणायचं म्हणजे तो लाकडाला टेकून फ्रेटखाली शिरतो, आणि ओढायचा नाही, नुसता दाबत दाबत एका टोकाकडून दुसरीकडे न्यायचा. फ्रेट आपोआप वर येतो. मी पहिला ओढला तर रोजवूडची नखाएवढी खपली निघाली, अजून दिसते. खाचांत फिकट व्हिनियरच्या पट्ट्या चिकटवा म्हणजे रेघा दिसत राहतील, मग ठोकळ्यावर पॉलिश पेपर लावून सपाट करा.

आणि त्यावर राउंडवाउंड (खरबरीत वेढ्यांच्या) तारा अजिबात लावू नका, फिंगरबोर्ड खरवडून खातात. जॅकोने त्याच्या 1962 च्या जॅझवर बोटींना लावायचं इपॉक्सी चढवलं होतं ते काय उगीच नाही. आपण आपले फ्लॅटवाउंड (गुळगुळीत तारा) लावावेत.

आखूडबांधा

शॉर्ट स्केलच्या बाजूने कुणीच नाही म्हणून मी. माझी उंची पाच फूट एक इंच, 34 इंची (तारेची लांबी) बेसवर पहिला फ्रेट 48 मिमी रुंद पडतो, 30 इंचीवर 43. मला त्याने मनगट वाचलं. पण खरं सांगू का, तुमच्या खांद्याचा प्रॉब्लेम स्केलने सुटेल असं नाही वाटत. माझं मस्टँग टाइपचं आहे, ते हलकं आहे ठीक, पण लोकलमध्ये त्रास वजनाचा कमी आणि लांबीचा जास्त, आणि बॅगेत घातल्यावर फरक वीतभरही पडत नाही. मी बॅग पुढे छातीशी उभी धरते आणि लेडीज डब्यात दाराशी न जाता आत सरकते. आणि रुंद पट्टा घ्या दादा, चार इंची. खांदा पट्ट्याने जातो, बेसने नाही.

आवाजाबद्दल, शॉर्ट स्केलला तारेचा ताण कमी म्हणून सूर गोल आणि बसका येतो. जुन्या हिंदी गाण्यांना गोड लागतो. पण तुमची तक्रारच "ऐकू येत नाही" ही असेल तर हा घेऊन अजून बुडाल. माझाच पक्ष मी पाडते आहे, पण असो.

काळीपाच

ताई, प्रामाणिकपणाबद्दल धन्यवाद, पट्टा आजच बघतो.

मींडवेडा, तुम्ही रात्रीची झोप उडवलीत. एक शंका. स्टेजवर मॉनिटर बऱ्याचदा नसतोच, किंवा असतो तो गायिकेच्या पायाशी. मग फ्रेटलेस सुरात राहणार कसा? शिवाय पेटी शेजारी.

बाय द वे भाचा डॅलसला आहे, त्याच्याकडून जॅझ मागवला तर?

मींडवेडा

मॉनिटर नसेल तर फ्रेटलेस नेऊ नका, सरळ उत्तर. बेसुरा आहे हे तुम्हाला सोडून सगळ्यांना कळेल. घरी, बैठकीत, छोट्या मैफलीत न्या. बोट रेघेवर ठेवायचं, फ्रेटवाल्यासारखं रेघेच्या मागे नाही, मागे ठेवलंत की उतरलेलाच लागणार. आणि नेकच्या कडेचे ठिपके फसवतात, ते दोन फ्रेट्सच्या मधे असतात, त्यांच्यावर बोट ठेवलंत तर संपलंच. पेटीबरोबर वाजवताना लांब ठेवायचा सूर आधी नीट लावायचा, घसरगुंडी फक्त दोन ओळींच्या मधे. प्रत्येक स्वराला मींड घेतली की भावगीताचं मांजर होतं.

तारकाटा

डॅलसचं डोक्यातून काढा. केससकट लांबी-रुंदी-उंचीची बेरीज एअरलाइनच्या नेहमीच्या 158 सेंमीत बसत नाही, जादा पैसे, वर कस्टम्सची धाकधूक, आणि नेक हलला तर परत कुणाकडे पाठवणार. इथेच सेकंडहँड बघा. मुंबईत धोबीतलावच्या वाद्यांच्या दुकानांत जाऊन एक दुपार नुसते हातात घेऊन या, अंदाज येतो.

सेकंडहँड_सदा

माझं नाव निघालं म्हणून आलो.

सेकंडहँड घेताना रंग, ओरखडे, स्टिकर, काही बघू नका. नेक बघा. बेस बंदुकीसारखा डोळ्याला लावून हेडकडून खाली बघायचं, दोन्ही कडा समांतर दिसल्या पाहिजेत, एक कड पुढे पळत असेल तर पीळ आहे, परत द्या, पीळ ट्रस रॉडने (नेकच्या आतली, वाक काढायची सळई) जात नाही. मग एक तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला जुळतो तिथल्या फ्रेटवर एकदम दाबा, मधे सातव्या-आठव्यापाशी फटीत जाड कागद सरकेल एवढी जागा पाहिजे. फट जास्त असेल तर ट्रस रॉड फिरतोय ना ते विकणाऱ्यालाच समोर फिरवायला लावा. आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल तर राम म्हणा. मी एकदा पावसाळ्यात असाच एक घेतला, विकणारा म्हणाला दमटपणाने वाकलाय, हिवाळ्यात येईल जागेवर. चार हिवाळे झाले.

आणि हो, तळहात नेकच्या कडेवरून वरखाली फिरवा. कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं आणि फ्रेट्सची टोकं बाहेर येतात, करवतीसारखी लागतात. हे मात्र घासून घेता येतं, त्यावर भाव पाडा. जॅझ असेल तर दोन्ही व्हॉल्यूम सावकाश फिरवून खरखर ऐका.

काळीपाच

अपडेट देतो, महिना झाला.

आधी फुकटचं केलं. कीबोर्डवाल्याचा डावा हात थांबवला (समोसा आणि दोन कटिंग लागल्या), ॲम्पवर लो कमी, मिड वर. रेकॉर्डिंगमध्ये मी आहे!! बारा वर्षांनी आमच्या ढोलकीवाल्याने विचारलं, हे तू नवीन वाजवतोस का. नाही रे बाबा, तेच वाजवतोय.

मग म्हटलं आता जॅझ कशाला, तरी धोबीतलावला गेलो. तिथे एक हातात घेतला, दोन्ही पिकअप पूर्ण, ठीक, पीसारखाच जरा सभ्य. मग पुढचा व्हॉल्यूम पाव भाग मागे केला आणि लावणीतला तो उतरता तुकडा वाजवला. तारकाटा, तुमचं ते "नाकातून" काय ते तिथे कळलं. दुकानातल्या ट्यूबलाईटखाली झ्झ पण आलं, तेही कळलं. तिथला घेतला नाही, पुण्यात एकाकडे सेकंडहँड स्क्वायर जॅझ मिळाला, सदाभाऊंची सगळी परीक्षा घेऊन. माणूस वैतागला पण बेस पास झाला. फ्रेट्सची टोकं लागत होती, दोन हजार कमी केले.

घरी अट पडली की कपाटावर तीनच राहतील, चौथा आला तर एक जाणार. मी म्हटलं एक काढतो. आणि रविवारी 2004 वाला काढला, तो फ्रेट्स काढायलाच. वीस फ्रेट्स, साडेचार तास, तीन खपल्या. सोल्डरिंगच्या वासाने सासूबाई दोनदा येऊन बघून गेल्या. पट्ट्या बसल्या, घासून झालं, फ्लॅटवाउंड लावले, पहिला सूर लावून दोन घरं वर सरकलो तेव्हा आतल्या खोलीतून बायकोने विचारलं, कोण आलंय. अट मोडली की नाही यावर अजून चर्चा चालू आहे.

आता अडलंय ते असं, तारा नटपाशी फार उंच वाटतात, पहिल्या दोन घरांत बोट दाबताना सूर चढतो. नट किती घासू?

मींडवेडा

नट फ्रेट्सच्या उंचीचा होता, ते गेले, तो तसाच राहिला. खाचा खाली घ्या, थोडं घासा, तार लावून बघा, परत घासा. नटपाशी तारेखालून एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल तिथे थांबा. जास्त घासलं गेलं तर नट नवीन घ्यावा लागेल, म्हणून घाई नको. आणि ई तारेपासून सुरू करा, जी तारेची खाच बारीक असते, तिथे हात बसायला वेळ लागतो.