दूध न घालता घरी गार कॉफी, दाट कशी करायची?

चांदणवेल: लेकीला दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी निघाली. कॉलेजातून आली की तिला बर्फ घातलेली कॉफी लागते, ती बंद झाल्यापासून खट्टू आहे. काल सोया दूध घालून केली तर नासली. वर पांढऱ्या गुठळ्या, खाली तपकिरी पाणी. घरात मिक्सर, गाळणी, बर्फाचा ट्रे आणि इन्स्टंट कॉफी आहे. नवीन यंत्र घ्यायचं नाही, या महिन्यात शक्यच नाही. सुचवा.

निवांत: गेल्या वर्षी एस्प्रेसो मशीन घेतलं, तेव्हापासून मागे वळून पाहिलं नाही. फेस असा येतो की चमचा उभा राहावा. एकदाच खर्च करा, चांगलं घ्या.

सायसाखर: लॅक्टोज-फ्री दूध आणा की. चवीत काही फरक नाही. मी रोज पिते, पोट अजिबात बिघडत नाही.

रानजाई: सायसाखर, कृपया असं सुचवू नका. त्या दुधात लॅक्टेज नावाचं एन्झाइम घालून फक्त लॅक्टोज ही साखर फोडलेली असते, प्रथिनं जशीच्या तशी राहतात. तुमचा त्रास पचनाचा, त्यांच्या मुलीचा ॲलर्जीचा. माझ्या भाच्याला मी स्वतः 'नॉन-डेअरी' लिहिलेली कॉफीची पावडर दिली होती. अर्ध्या तासात अंगभर गांधी उठल्या. पाकीट उलटं करून पाहिलं तर बारीक अक्षरांत सोडियम केसिनेट, म्हणजे दुधातलंच प्रथिन. ते आठवलं की अजून हात थरथरतात. चांदणवेल, मागची बाजू वाचल्याशिवाय काही घेऊ नका.

सायसाखर: हे माहीत नव्हतं. माझा सल्ला मागे घेते.

गाळणी: सोया का नासलं ते सांगतो. कॉफी आम्लधर्मी असते, पीएच साधारण 5. सोयाची प्रथिनं 4.5च्या आसपास गोळा होतात आणि उष्णतेने ते आणखी लवकर घडतं. म्हणून कॉफी आधी पूर्ण गार करा, मग ती दुधात हळूहळू ओता. 'बरिस्ता' लिहिलेल्या, कॉफीसाठीच केलेल्या सोया दुधाच्या खोक्यांत आम्लता सांभाळायला बहुधा डायपोटॅशियम फॉस्फेट असतं, ते दूध सहसा फाटत नाही.

निवांत: बरिस्ता दूध मशीनच्या वाफेवर तर फारच छान फुलतं.

हिरवाचाफा: ओट्सचं दूध घरीच करा. 1 वाटी ओट्स, 4 वाट्या बर्फाचं पाणी, मिक्सर फक्त 30 सेकंद. फडक्यातून गाळा, पण पिळू नका. मी पहिल्यांदा ओट्स रात्रभर भिजवून दोन मिनिटं फिरवले, तर असं बुळबुळीत झालं की पेल्यातून तार निघत होती. सगळं ओतून दिलं.

काळीकॉफी: इन्स्टंटला कॉफी म्हणायचं का, हा आधी प्रश्न. जाडसर दळलेली 100 ग्रॅम कॉफी 800 मिली पाण्यात फ्रीजमध्ये 12 ते 16 तास ठेवा आणि गाळा. आंबटपणा कमी लागतो, दूध घालावंसंच वाटत नाही.

रानजाई: त्यांच्याकडे दळलेली कॉफी नाही, आणि मुलीला दाट हवी आहे. वर लिहिलंय.

पाऊलवाट: काळीकॉफीशी सहमत नाही. मी बारीक दळलेल्या कॉफीची केली होती. गाळणी तुंबली आणि शेवटच्या घोटात सगळा चोथा दातांत.

काळीकॉफी: म्हणून तर जाडसर लिहिलं.

मोरपीस: ओट्स घ्या, फार फिरवू नका, गार पाणी वापरा. कोणी सांगितलं नसेल तर सांगते.

पाऊलवाट: सुकामेवा चालत असेल तरच सांगतो. अर्धी वाटी काजू 4 तास भिजवून 3 वाट्या पाण्यात गंधासारखे वाटा. गाळायचीही गरज नाही. नारळाचं दूध मात्र नको, गारव्याने त्यातली चरबी थिजते आणि पेल्याला कण चिकटतात.

मोरपीस: नारळ नकोच. कॉफीचा वास मरतो.

हिरवाचाफा: +१, नारळ नको.

चांदणवेल: सगळ्यांचे मनापासून आभार. रानजाई, तुमचं वाचून उठले आणि कपाटातली पावडर तपासली. केसिनेट होतंच, टाकून दिली. ओट्सचं दूध केलं, जमलंही, पण लेकीला त्याला पेजेची चव लागली. काजू तिला चालत नाहीत. शेवटी नारळाचंच दूध घेतलं. कडक कॉफी ट्रेमध्ये गोठवली, ते तुकडे पेल्यात टाकून वरून दूध ओतलं. पांढऱ्यात तपकिरी रेघा सुटत जातात आणि पाणचट न होता कॉफी शेवटपर्यंत गडद होत राहते. कण येतात, खरं आहे. ती ते चमच्याने खरवडून खाते.

मोरपीस: गोठवायच्या कॉफीत साखर आधीच घालता का?

चांदणवेल: हो, गरम असतानाच. गार झाल्यावर ती तळाशीच बसून राहते.