मदत हवी आहे: दहावीच्या मुलांसाठी मराठी सिनेमातले संवाद

नमस्कार मंडळी,

दहावीच्या निरोप समारंभासाठी शाळेच्या फलकावर सिनेमातले संवाद लिहायचे आहेत. पहिला ठरलाय, 'आनंद' (१९७१) मधला: 'बाबूमोशाय, जिंदगी बड़ी होनी चाहिए, लंबी नहीं.' मुलांना तो सुविचारासारखा पाठ आहे. पण मरण समोर दिसत असलेला पेशंट, राजेश खन्ना, तो हसत हसत आपल्या डॉक्टरला सुनावतो आणि खचलेला असतो तो धडधाकट डॉक्टर, अमिताभ. हे कळलं की वाक्याचं वजनच बदलतं. म्हणून प्रत्येक संवादाखाली तो कोण, कोणाला, कुठल्या प्रसंगी म्हणतो हे दोन ओळींत द्यायचंय.

अडचण मराठीची आहे. आठवायला बसलं की 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) मधलं 'धनंजय माने इथेच राहतात का?' आधी ओठांवर येतं. माझंही ते अतिशय लाडकं, पण इथे मला हार पचवायला, चूक कबूल करायला, आईबापांना समजून घ्यायला शिकवणारं काहीतरी हवंय. उपदेशाचा डोस नको, मुलं लगेच ओळखतात. जुना कृष्णधवल सिनेमाही चालेल.

कृपया सिनेमाचं नाव, प्रसंग आणि नेमके शब्द कळवा. ऐकीव, फॉरवर्डमधलं नको. फलकावर चुकीचं लिहायचं नाहीये.