कारखान्याचे उपपदार्थ तालुक्यातच फिरते ठेवल्याने गावांना काय मिळते?

वारणाकाठ: आमचा सहकारी साखर कारखाना सभासदांना खत म्हणून मिळणारा प्रेसमड (उसाचा रस गाळताना मागे राहणारा चिखलासारखा भाग) यापुढे बायोगॅस प्रकल्पाला देण्याच्या विचारात आहे. उसाच्या वजनाच्या साधारण 30 टक्के बगॅस (उसाचा चोथा), 4 टक्के मळी (साखर काढल्यावर उरणारा दाट पाक) आणि 3 ते 4 टक्के प्रेसमड निघतो; त्यांपैकी बगॅसची वीज आणि मळीचे इथेनॉल होते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु अशा देवाणघेवाणीतून कारखान्याच्या ताळेबंदाबाहेर, म्हणजे गावांच्या पदरात, नेमके काय पडते?

बॉयलर_हाऊस: ताज्या प्रेसमडमध्ये सुमारे 70 टक्के पाणी असते, त्यामुळे तो लांब नेणे म्हणजे पाण्याचे भाडे भरणे होय, जवळचा ग्राहक हवा तो यासाठीच. शिवाय वायूत प्रामुख्याने कार्बन निघून जातो, तर नत्र, स्फुरद आणि पालाश उरलेल्या गाळात बहुतांशी शिल्लक राहतात. तेव्हा गॅस की खत, असा पेच मुळात नाहीच. तो गाळ सभासदांना परत मिळेल, अशी अट करारात असली म्हणजे झाले. कच्चा प्रेसमड शेतात कुजताना तापतो आणि त्यातील मेणामुळे लवकर विघटित होत नाही, म्हणून प्रक्रिया केलेला गाळ शेतकऱ्याला अधिक सोयीचा ठरतो. हीच गोष्ट मळीचे इथेनॉल करणाऱ्या डिस्टिलरीच्या सांडपाण्याची आहे: ते आटवून बॉयलरमध्ये जाळले की राखेत पालाश उरते, आणि ते मुळात आपल्याच उसाने जमिनीतून उचललेले असते. पालाशासाठी देश आयातीवर अवलंबून असताना ही राख तालुक्याबाहेर का जावी?

खोडवा: वरील मत मान्य आहे, पण हंगामाचा विचार राहिला. गाळप चार-पाच महिने चालते, बायोगॅस प्रकल्पाला मात्र वर्षभर कच्चा माल लागतो आणि साठवलेल्या प्रेसमडची वायू देण्याची क्षमता घटत जाते. शेजारचे कारखाने, दूध संघाच्या सभासदांचे शेण आणि बाजार समितीतील भाजीपाल्याचा कचरा यांची सांगड घातली, तरच हे गणित जुळेल. डेन्मार्कमधील कालुंडबोर्ग येथे 1972 पासून कारखाने एकमेकांचा वायू, वाफ आणि पाणी वापरत आले, तेही कोणत्याही एका मोठ्या आराखड्याविना, दोघादोघांत झालेल्या स्वतंत्र करारांतून. आपल्याकडे उद्घाटनाची घाई अधिक.

वारणाकाठ: आभारी आहे. गाळ आणि राख सभासदांना कोणत्या दराने मिळणार, हा प्रश्न सर्वसाधारण सभेपूर्वी लेखी देतो.