टिश्यू कल्चरच्या खोलीत बुरशी थांबेना, हेपा फिल्टर बदलू का?

वाळव्याचा केळीवाला
नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये ग्रँड नैन केळीच्या रोपांची छोटी लॅब आहे. दोन लॅमिनार (गाळलेल्या हवेखाली काम करायची कपाटं), वाढीची एक खोली, २५ अंश, १६ तास उजेड. पावसाळा लागल्यापासून रोपं जेलीवर वाढतात त्या शंभरातल्या पंधरा-वीस बाटल्यांना बुरशी लागतेय. ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेनं जंतू मारायचं भांडं) १२१ अंश, १५ पौंड, २० मिनिटं, त्यात कसूर नाही. भिंतीपलीकडे हळदीची गिरणी आहे. सकाळी लॅमिनारच्या प्रीफिल्टरवर (हेपाच्या आधीची जाड गाळणी) पिवळी झाक दिसते आणि पोटात गोळा येतो. ठेकेदार म्हणतो हेपा, म्हणजे लॅमिनारमधला बारीक कण अडवणारा फिल्टर, बदला. खर्च मोठा आहे. काय करू?

साताऱ्याचा डक्टवाला
दादा, आधी हेपाला हात लावू नका. धड हेपा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. कडेचं गॅस्केट सुटलंय का तेवढं बघून घ्या. पण प्रीफिल्टर पिवळा होतोय म्हणजे हळद खोलीतच येतेय.

शिवणाचा वीतभर दोरा घ्या. दार बोटभर उघडून फटीशी धरा. दोरा बाहेर झुकला पाहिजे. आत ओढला गेला तर खोली हवा चोखतेय. बाटल्या धुवायच्या खोलीत एक्झॉस्ट पंखा आहे ना? तो हवा बाहेर फेकतो, आणि ती भरून काढायला गिरणीकडची हवा फटीफटीतून शिरते. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, त्यानं दाब वाढत नाही.

बाहेर जाते त्याहून जास्त, गाळलेली ताजी हवा आत सोडा. इनॉक्युलेशनच्या, म्हणजे बाटल्यांत रोपं लावायच्या खोलीत शेजारच्या खोलीपेक्षा १० ते १५ पास्कल दाब जास्त ठेवतात. हवा घ्यायचं तोंड कुठे काढता त्याला फार जपा. एका कामात मला सोपं पडलं म्हणून मी ते उसाच्या रानाकडे काढलं. पाचट पेटवलं की आठवड्यात फिल्टर काळे. शेवटी पदरच्या पैशानं डक्ट फिरवून दिला.

मिरजेची मायक्रोबायोलॉजीवाली
बुरशी बाटलीत नेमकी कुठे धरतेय? जेलीवर कुठेही सुटा ठिपका आला तर बहुतेक हवेतून. रोपाच्या बुडाशी दुधी थर असेल तर ते बॅक्टेरिया, बहुधा कंदातूनच आलेले, तिथे डक्ट बदलून उपयोग नाही. एकाच रॅकवर शेजारशेजारच्या बाटल्या लागत असतील तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, बारीक माइट) शोधा. तो चालतो तिथे जेलीवर ठिपक्यांची रांग उमटते.

वाळव्याचा केळीवाला
रात्री दोरा धरला. सरळ आडवा होऊन आत गेला! धुण्याच्या खोलीतला पंखा बंद केला तर नुसता लोंबत राहिला. बहुतेक बाटल्यांत सुटेच ठिपके आहेत. ताई, एका रॅकवर रांगही सापडली, त्या सगळ्या बाटल्या न उघडता ऑटोक्लेव्हला घातल्या. दादा, गिरणी पश्चिमेला आहे. ताजी हवा छपरावरून उत्तरेला घेतली तर चालेल का?

साताऱ्याचा डक्टवाला
पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, पीठ तुमच्या छपरावरूनच जाणार. ईशान्येच्या कोपऱ्यात भिंतीतून घ्या, तोंड खाली वळवून, म्हणजे पाऊसही शिरणार नाही. रविवारी गिरणी बंद असेल तर मी शनिवारी येतो. ती चालू असताना बघायचंय.